दुसऱ्या बाजूची अंपायर

प्रियदर्शनी रामटेके पहिल्यांदा अंपायर म्हणून उभी राहिली ती चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात, पर्वतीच्या पायथ्याशी एका शाळेच्या मैदानावर. चौदा वर्षांखालच्या मुलींची नेटबॉलची स्पर्धा होती. प्रियदर्शनी नारायण पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची. अंपायरची परीक्षा पास होऊन तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. नवीन पांढरी पँट कमरेत सैल होत होती आणि ती सारखी वर ओढत होती.

"रामटेके?" मागून आवाज आला.

"हो."

"दामले. आज दुसरी अंपायर मी. पँटला पिन लाव, नाहीतर मुली खेळ सोडून तुझ्याकडेच बघत बसतील."

मंदाकिनी दामले तेव्हा पंचेचाळीस वर्षांच्या होत्या. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका बँकेत अधिकारी, राहायला सदाशिव पेठेत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी सासूबाई होत्या आणि इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी, दीपाली. कॉलेजात असताना त्या बास्केटबॉल खेळायच्या. नेटबॉल पुण्यात आला तेव्हा लोक त्याला मागची फळी नसलेला बास्केटबॉल म्हणायचे, आणि मंदाकिनीबाई त्यांना म्हणायच्या, "हो, आणि पोहे म्हणजे न शिजलेला भात."

सामन्याआधी अंपायरने मुलींची नखं तपासायची असतात. बाईंनी पर्समधून नेलकटर काढला आणि रांगेसमोर उभ्या राहिल्या. एक मुलगी हात मागे लपवून म्हणाली, "बाई, आई म्हणते शनिवारी नखं कापायची नाहीत."

"शनिवार तुझ्या घरी. कोर्टावर वार नसतो. हात पुढे."

मग त्या प्रियदर्शनीकडे वळल्या. "हे बघ. कोर्टाचा हा अर्धा भाग तुझा, तो माझा. तुझ्या भागात तू काय वाजवशील ते मी बदलणार नाही, आणि मी विचारल्याशिवाय तू माझ्या भागात बोलायचं नाहीस. गोल झाला की पुढचा पास कोणाचा ते दोघींनी हात करून दाखवायचं. त्या वेळी माझ्याकडे बघायचं. दर वेळी. चुकलीस तरी बघायचं."

प्रियदर्शनी त्या सामन्यात चार-पाच वेळा चुकली. एकदा तर एका मुलीने दुसरीला सरळ ढकललं आणि हिची शिट्टी तोंडातच राहिली. पण प्रत्येक गोलनंतर तिने पलीकडे पाहिलं, आणि दर वेळी मंदाकिनीबाई तिच्याकडे बघतच होत्या. मान किंचित हलायची. बस, एवढंच.

सामना संपल्यावर बाईंनी विचारलं, "ते ढकललेलं दिसलं नाही का?"

"दिसलं ना. मले वाटलं..." प्रियदर्शनी थांबली. तिचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं पवनी. लग्न होऊन पुण्यात आल्यापासून ती शाळेत, दुकानात, रिक्षावाल्याशीसुद्धा जपून पुण्याचं मराठी बोलायची. घाबरली की मात्र जीभ माहेरी जायची.

"मले?" मंदाकिनीबाईंनी भुवया उंचावल्या. "म्हणजे सकाळपासून पुस्तकातलं बोलत होतीस ते माझ्यासाठी? उगाच कष्ट घेतलेस. आता सांग, मले काय वाटलं?"

प्रियदर्शनीला हसू आलं. पुण्यात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. तिच्या बोलण्यावर कोणी हसलं आणि तिला बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं होतं.

तिथून पुढे साडेसहा वर्षं त्या दोघी एकत्र अंपायरिंग करत होत्या. जिल्ह्याच्या संघटनेचे सेक्रेटरी वैजनाथ काळोखे कागदावर दोन नावं एकत्रच लिहायचे, रामटेके-दामले, जणू एकच आडनाव असावं तसं. रविवारी सकाळी मंदाकिनीबाई कायनेटिक घेऊन संगम पुलाशी थांबायच्या. प्रियदर्शनी दापोडीहून बसने तिथवर यायची आणि मागे बसायची. कधी निगडी, कधी हडपसर, कधी थेट तळेगाव. जाताना नियमांवर वाद, येताना झालेल्या सामन्यावर वाद. मोठ्या मुलींच्या स्पर्धांना अंपायर भरपूर मिळायचे, बारा वर्षांखालच्या सामन्यांना कोणी यायला बघायचं नाही. मंदाकिनीबाई ते मुद्दाम मागून घ्यायच्या.

"मोठ्या मुलींना अंपायर चुकला तर कळतं, त्या शिव्या तरी देतात," त्या म्हणायच्या. "ही चिल्लीपिल्ली शिट्टी वाजली की खरंच मानतात. म्हणून यांना चांगला अंपायर पाहिजे."

प्रियदर्शनी त्यांना मंदाताई म्हणू लागली. मंदाताई तिला कोर्टावर 'रामटेके' आणि कोर्टाबाहेर 'दर्शनी'. तिच्या दापोडीच्या घरी त्या कितीतरी वेळा आल्या. खडकीच्या कारखान्यात काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याशी, संजयशी, क्रिकेटवर भांडल्या. तिच्या हातचा झणझणीत सावजी रस्सा खाऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकल्या आणि पुन्हा वाढून घेतला.

प्रियदर्शनी त्यांच्या घरी मात्र एकदाच गेली. शहाण्णवच्या दिवाळीनंतर, फराळाचा डबा परत द्यायला. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दारातच स्वयंपाकघर दिसायचं. सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"आडनाव काय म्हणालीस?"

"रामटेके."

"म्हणजे कुठले तुम्ही?"

"पवनीचे. भंडारा जिल्हा."

"हं." सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. आतून हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं. मग मंदाताई बाहेर आल्या त्या पर्स खांद्याला लावूनच.

"चल, बाहेरच चहा घेऊ. दूध नासलंय."

गॅसवर पातेल्यात दूध तापत होतं. प्रियदर्शनी उभी होती तिथून ते दिसत होतं, वर येऊ लागलेलं, पांढरंशुभ्र. तिने काही विचारलं नाही. जिन्यात मंदाताई नेहमीपेक्षा जास्त बोलत होत्या. त्यानंतर दोघी नेहमी टपरीवरच चहा प्यायल्या, आणि त्या दिवसाबद्दल दोघींपैकी कोणीही कधी अवाक्षर काढलं नाही. प्रियदर्शनीने ते संजयलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो चिडला असता, आणि त्याचं बरोबरच असतं. पण मग रविवारी संगम पुलावर जाऊन उभं राहणं तिला अवघड झालं असतं.

दोन हजार एक साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्ती आली. सासूबाई त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. दीपाली लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली होती, नवराबायको दोघंही कॉम्प्युटरवाले. तिला दिवस गेले होते. मंदाताईंनी अर्ज दिला.

"सहा महिने," त्या म्हणाल्या. "बाळ जरा मान धरायला लागलं की परत. डिसेंबरच्या स्पर्धेला आपलं नाव दे काळोख्यांकडे."

त्या निघाल्या तो रविवार होता. मुंबईच्या विमानतळाकडे जाणारी गाडी सकाळी अकराला येणार होती आणि प्रियदर्शनीला दहाचा सामना लागला होता, निगडीला. बदली अंपायर मिळाला असता. पण मंदाताईच फोनवर म्हणाल्या, "निरोपाला येऊ नकोस. मला रडारड जमत नाही. सामना घे." तिने सामना घेतला. दुसऱ्या बाजूला कोण होतं हे तिला नंतर आठवलंही नाही.

सहा महिन्यांचं वर्ष झालं. बाळाला पाळणाघरात ठेवायला दीपालीचं मन होईना. मग दुसऱ्या बाळाची चाहूल लागली. मंदाताईंचे फोन दर पंधरवड्याला यायचे, मग महिन्याला. प्रियदर्शनी टिळक रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत जाऊन ईमेल करायला शिकली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, एकेक अक्षर शोधून. कोण जिंकलं, कोणती मुलगी उंच झाली, कोणत्या शाळेने मैदानात गाड्या लावायला सुरुवात केली. उत्तर यायचं: 'इथे नेटबॉल कोणालाच माहीत नाही. मी नातवाला घेऊन पार्कात जाते. पोरं फुटबॉल खेळतात. मी बाकावर बसून मनातल्या मनात शिट्ट्या वाजवते. परवा एका बापाला सांगितलं, तुमच्या मुलाने पाय घातला. तो थँक्यू म्हणाला. ह्या लोकांशी भांडताही येत नाही.'

प्रियदर्शनी ते वाचून एकटीच हसायची. मग तिथेच खुर्चीवर बसून राहायची, शेजारची मुलं तिची वेळ संपायची वाट बघेपर्यंत.

आता तिच्याबरोबर बहुतेक वेळा राकेश असायचा. हिंजवडीच्या एका कंपनीत होता. आठवडाभर कॉम्प्युटर आणि रविवारी शिट्टी. पळायला चपळ, नियम तोंडपाठ, मुलगा चांगला. पण गोल झाला की हात वर करून तो दुसरीकडेच बघायचा. तिने एकदा त्याला सांगून पाहिलं.

"राकेश, पास दाखवताना माझ्याकडे बघत जा रे."

"मॅम, टेन्शन घेऊ नका. स्कोअर माझ्या डोक्यात असतो. माझा हाफ मी परफेक्ट हँडल करतो."

तो खरंच करायचा. त्यात तक्रारीला जागा नव्हती. तरी प्रत्येक गोलनंतर प्रियदर्शनीची नजर पलीकडे जायची आणि तशीच परत यायची.

"पूर्वी मॅचवरून आलीस की तासभर बोलत होतीस," संजय एकदा म्हणाला. "आता विचारलं तरी 'झाली' म्हणतेस."

"झाली म्हणजे झाली," ती म्हणाली आणि पांढरी पँट भिजत घालायला गेली.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात एका दुपारी शाळेत फोन आला. शिपायाने मैदानावर येऊन सांगितलं, कोणी दामले बाई आहेत. प्रियदर्शनी ऑफिसपर्यंत पळत गेली.

"दर्शनी, मी आलेय. तीन आठवडे. फ्लॅट विकायचाय."

शेवटचं वाक्य तिने ऐकलं, पण मनात घेतलं नाही. "रविवारी काय करता?" तिने विचारलं.

"रविवारी? एजंट येणार आहे. का?"

"सामना आहे. तुमच्यासाठी ठेवते."

"वेडी आहेस का? साडेचार वर्षं मी शिट्टीला हात लावला नाही. गुडघे गेलेत."

"बारा वर्षांखालच्या आहेत, मंदाताई. आपल्या."

पलीकडे कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग, "पांढरी पँट होत नाही आता. साडी चालेल का काळोख्यांना?"

वैजनाथ काळोख्यांना सगळंच चाललं. "ज्युनिअरच आहे, चालून जाईल," ते म्हणाले. एरवी कोणी असं म्हटलं असतं तर प्रियदर्शनीने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी ती थँक्यू म्हणाली.

रविवारी मंदाताई पंजाबी ड्रेस घालून आल्या. अंगाने भरल्या होत्या, केस कापले होते, पायात जाड पांढरे बूट. प्रियदर्शनीने त्यांना लांबूनच पाहिलं आणि काही क्षण तिला पुढे जाताच येईना. मग मंदाताईंनीच हाक मारली, "रामटेके, नखं कोण बघणार?" आणि मधली साडेचार वर्षं कुठे गेली ते कळलं नाही.

सामना होता पर्वतीजवळच्या एका महापालिकेच्या शाळेचा, कोथरूडच्या एका इंग्रजी शाळेशी. हरेल तो स्पर्धेबाहेर. महापालिकेच्या शाळेची कीपर तुळजा नावाची मुलगी होती. अकरा वर्षांची, किडकिडीत, दोन वेण्या. ती रिंगखाली उडी मारायची तेव्हा वेण्या तिच्याही वर जायच्या.

पहिल्या अर्ध्या तासात प्रियदर्शनीच्या लक्षात आलं, मंदाताई पळत नाहीयेत. चेंडू रिंगकडे गेला की त्या भागाच्या अंपायरने मागच्या रेषेवर पोचायचं असतं, रिंगच्या जवळ, नाहीतर चेंडू जाळीतून गेला की बाहेरून हे कळत नाही. मंदाताई बाजूच्या रेषेवरच, निम्म्या वाटेत थांबत होत्या. दोनदा शिट्टी उशिरा आली. एकदा एका मुलीने चेंडू हातात घेऊन सरळ तीन पावलं टाकली, ती सुटली. पण गोलनंतर त्या बघायच्या. दर वेळी. आणि प्रियदर्शनी इतकी आनंदात होती, की त्या सुटलेल्या गोष्टी तिने जणू दुसऱ्या कोणत्या तरी सामन्यात पाहिल्या होत्या.

शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा नऊ-नऊ होते. कोथरूडच्या शूटरने मंदाताईंच्या भागात चेंडू टाकला. तुळजाने उडी मारली, तिचं बोट लागलं नाही. चेंडू रिंगच्या कडेवरून बाहेर निसटला, जाळीला बाहेरून घासला आणि खाली पडला. जाळी हलली. कोथरूडच्या मुली ओरडल्या, "गोल!"

प्रियदर्शनी मध्यरेषेपाशी, अगदी समोर होती. तिला स्वच्छ दिसलं. चेंडू बाहेरून गेला होता.

मंदाताई रेषेवर पोचल्याच नव्हत्या. त्यांनी हात वर केला नाही. त्यांनी वळून प्रियदर्शनीकडे पाहिलं. हे नेहमीचं बघणं नव्हतं. त्या विचारत होत्या. साडेसहा वर्षांत त्यांनी एकदाही तिला त्यांच्या भागातलं काही विचारलं नव्हतं.

नाही म्हणायला मान हलवणं एवढंच करायचं होतं. पण मग सगळ्या मैदानासमोर हे उघडं पडलं असतं, की मंदाताईंना दिसलं नाही. मागे दोन शाळांचे शिक्षक बसले होते, काळोखे बसले होते, राकेश पुढच्या सामन्यासाठी शिट्टी गळ्यात घालून उभा होता. तिला वाटलं, आजचा दिवस असा नको. तिने मान होकारार्थी हलवली आणि हात वर केला.

मंदाताईंनी गोल दिला. दहा-नऊ. त्यानंतर काहीच झालं नाही, वेळ संपली.

तुळजा मंदाताईंकडे आली. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. "बाई, बॉल बाहेरून गेला. जाळीला घासून."

"त्या बाईंनी बघितलंय ना," मंदाताई म्हणाल्या.

तुळजाने प्रियदर्शनीकडे पाहिलं. "हो का," ती म्हणाली, आणि आपलंच चुकलं असेल असं समजून परत गेली.

टपरीवर मंदाताईंनी दोन चहा सांगितले. मग ग्लास हातात घेऊन म्हणाल्या, "दर्शनी, मी रेषेवर पोचले नव्हते. मला दिसलं नाही, म्हणून तुला विचारलं. गोल होता का?"

प्रियदर्शनीने चहात बघितलं.

"होता का?"

"नव्हता."

मंदाताईंनी ग्लास खाली ठेवला. "मग काहून?" त्यांनी विचारलं. प्रियदर्शनीच्या माहेरचा हा 'का' त्या नेहमी चेष्टेत वापरायच्या. आज ती चेष्टा नव्हती. "मी तुला विचारलं होतं. चुकले असते तर चुकले असते. माझं वय झालंय, मला दिसत नाही, हे लोकांना कळलं असतं, त्यात काय? त्या मुलीला मी तुझं नाव सांगितलं. आणि ती गेली निमूट."

"तुमची शेवटची मॅच..."

"शेवटची कोणी सांगितली?" मंदाताई म्हणाल्या, आणि मग त्यांनाच ते कळलं. त्या उठल्या. "चल."

महापालिकेच्या शाळेच्या मुली पायरीवर बसून केळी खात होत्या. प्रियदर्शनी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. एरवी मुलींसमोर ती सहज बोलायची, आज तिने वाक्य दोनदा अर्ध्यात सोडलं. शेवटी ती म्हणाली, "शेवटचा गोल नव्हता. चेंडू बाहेरून गेला. मला दिसलं होतं आणि मी खोटं सांगितलं. ह्या बाईंची चूक नाही."

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. तुळजाने केळ्याचं साल हातात तसंच धरून विचारलं, "मग आम्ही जिंकलो?"

"नाही. बरोबरीत होतं. पुढे काय झालं असतं ते माहीत नाही."

"पण हरलो नव्हतो."

"नाही. हरला नव्हता."

"बघ!" तुळजा शेजारच्या मुलीला म्हणाली. "मी तुला म्हटलं ना, बाहेरून गेला!"

त्यांच्या शिक्षिका मात्र हसल्या नाहीत. "आता सांगून काय उपयोग, मॅडम? ह्या मुली पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस करत होत्या."

वैजनाथ काळोख्यांनी डोकं धरलं. कोथरूडची बस निघून गेली होती, पुढचे सामने लागले होते. निकाल बदलता येणार नाही, म्हणाले, पण तुम्ही लिहून द्या. प्रियदर्शनीने तिथेच त्यांच्या टेबलावर बसून लिहून दिलं, एकही कारण न देता. पुढे संघटनेने तिला वर्षभर स्पर्धांमधून बाजूला ठेवलं. तिला ते कमीच वाटलं.

ती लिहून बाहेर आली तेव्हा मंदाताई रिक्षात बसत होत्या. त्यांनी हात केला नाही, थांबल्याही नाहीत.

नऊ दिवस फोन आला नाही. प्रियदर्शनीनेही केला नाही. रोज शाळा सुटल्यावर ती सदाशिव पेठेच्या दिशेने निघायची, आणि वाटेत एखादं काम काढून वळायची. मंदाताई इथे आहेत, पायी दहा मिनिटांवर आहेत, आणि तरी जाता येत नाही. कॅलिफोर्निया परवडलं, असं तिला वाटायचं. तिथे निदान जाता येत नव्हतंच.

दहाव्या दिवशी फोन आला. "उद्या दुपारी जेवायला ये. घर रिकामं झालंय, पण गॅस आहे."

जिना तोच. दार उघडंच होतं. झोपाळा गेला होता, कड्या तेवढ्या लोंबत होत्या. भिंतींवर फोटोंचे फिकट चौकोन. मंदाताईंनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. वरण-भात, बटाट्याची भाजी, लिंबाची फोड. दोघी समोरासमोर बसल्या.

"मीठ कमी आहे का?"

"नाही."

"आहे. खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही."

प्रियदर्शनीने भातावर मीठ घेतलं. मंदाताईंनी तिला पाणी दिलं. मग पानातला भात चिवडत त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दूध नासलं नव्हतं."

"माहितीये. वर येत होतं."

"सासूबाई म्हणाल्या, तिला चहा देणार असशील तर मी जेवणार नाही. मी म्हणायला हवं होतं, नका जेवू." त्या थांबल्या. "मी पर्स घेतली. मला वाटलं, तुला कळणार नाही. आणि कळलं तर... तू मोठ्या मनाची आहेस, सोडून देशील. किती सोयीचं, नाही?"

"मी सोडून नव्हतं दिलं," प्रियदर्शनी म्हणाली. हे ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. "मला राग आला होता. दोन रविवार मी बस चुकली म्हणून सांगितलं ना, ती चुकली नव्हती. मी घरी बसून होते."

"मग आलीस कशाला परत?"

"करमत नव्हतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"अजूनही करमत नाही," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून. मैदानावर जाते, शिट्टी वाजवते, सगळं करते. पण मले करमत नाही, ताई."

"मला तिथे कुठे करमतंय?" मंदाताईंचा आवाज कोरडाच होता, पण त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीने पुसत बसल्या. "पण पोरांना सवय झालीये माझी. धाकटी माझ्याजवळच झोपते. दीपालीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केलाय. आता जाणार ते जाणार, दर्शनी. हे घर गेलं की इथे मी उतरणार कुठे?"

"दापोडीला."

"दापोडीला," मंदाताई म्हणाल्या आणि हसल्या. "संजयरावांशी क्रिकेटवर भांडायला."

भांडी घासून होतात न होतात तोच नवीन मालकाची माणसं खिडक्यांची मापं घ्यायला आली. टेप घेऊन ती खोल्यांतून फिरू लागली तशा दोघी बाहेर पडल्या. प्रियदर्शनीला दापोडीची बस स्वारगेटहून सोयीची पडते, असं मंदाताईंनीच ठरवलं. ते खरं नव्हतं, पण स्वारगेटपर्यंत चालायला अर्धा तास तरी लागतो. टिळक रस्त्याने त्या हळूहळू चालल्या, मंदाताईंच्या गुडघ्याच्या वेगाने.

बस उभीच होती. प्रियदर्शनी चढण्याआधी मंदाताईंनी तिला घट्ट धरलं. दोघींना जे बोलायचं होतं ते बोलून झालं. प्रियदर्शनी चढली, खिडकीपाशी बसली. मंदाताई खाली उभ्या राहिल्या. पण कंडक्टरचा पत्ता नव्हता. ड्रायव्हरही उतरून पाण्याच्या नळाकडे गेला.

पाच मिनिटं झाली.

"जा ना तुम्ही," प्रियदर्शनी खिडकीतून म्हणाली. "पाय दुखतील."

"जाते. बस सुटली की जाते."

"विमानात नेलकटर नेऊ देत नाहीत म्हणे आता."

"मोठ्या बॅगेत नेऊ देतात."

समोरून कात्रजची बस गेली, मग हडपसरची. मंदाताईंनी फलाटावरची पाटी सगळी वाचून काढली. प्रियदर्शनीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली.

"दापोडीला आता कोणता पूल झालाय म्हणतात?"

"व्हायचाय अजून. खांब उभे आहेत."

"हं."

कंडक्टर तंबाखू मळत आला, दोनदा बेल ओढली. बस थरथरली. मंदाताईंनी खिडकीच्या गजावर हात ठेवला होता. बस सरकली तशा त्या चार पावलं बरोबर चालल्या, गुडघ्यामुळे थोड्या वाकड्या, आणि मग त्यांना थांबावं लागलं. प्रियदर्शनी वळून बघत राहिली. सातारा रस्त्याच्या कोपऱ्यावर सिग्नल लागला होता, त्यामुळे बस बराच वेळ तिथेच उभी होती, आणि तेवढा वेळ मंदाताई दिसत होत्या.